ऊसतोड, गुऱ्हाळ आणि ‘शेतकी रम’

(भोर व वेल्ह्याकडील ऊसकऱ्यांच्या विचारार्थ)

मार्गशीर्ष सरू लागला की भोर तालुक्याच्या पूर्वभागी, नसरापूर, किकवी, सारोळे ह्या अंगास, फडांतून कोयत्याचा आवाज कानी येऊ लागतो. पश्चिमेस वेल्हे तालुक्यात (ह्या तालुक्यास आता राजगड असे नाव देण्यात आले आहे) पाऊस उदंड व जमीन उताराची, म्हणून तेथे भात, नाचणी व वरई यांचेच राज्य. तथापि गुंजवणीच्या खोऱ्यातील सखल पट्ट्यांत उसाची लागणही दृष्टीस पडते. ह्या दोन तालुक्यांतील ऊसकरी बहुतेक लहान खातेदार आहे. ऊस वजनावर घालून मोकळे व्हावे की त्याचा गूळ करावा, हा प्रश्न तो दरसाल स्वतःस विचारीत असतो. अलीकडे त्यात तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे. परदेशातील काही शेतकरी आपल्या उसाच्या ताज्या रसापासून शेताजवळच रम काढतात व ती चढ्या दराने विकतात, तर आपण ते का करू नये, असे आमच्याकडील तरुण मंडळी विचारू लागली आहेत.

प्रस्तुत लेखकाने हयात महसूल खात्याच्या कारकुनीत घालविली असून घरची थोडी बागाईतही त्याने राखली आहे. तेव्हा कागद व कोयता ह्या दोहोंचा थोडाबहुत अनुभव असल्याने ह्या प्रश्नाचा विचार करण्याचे योजिले आहे. मद्यपानाची भलावण करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. ज्यास दारूचे नावही नको, त्यासही ह्या विचारातून आपल्या गुळाविषयी काही उपयोगाचे हाती लागेल अशी उमेद आहे.

पाणी वरचे, ऊस खालचा

येळवंडी नदीवरील भाटघरचे धरण १९२८ साली पुरे झाले. त्यास पूर्वी लॉईड धरण म्हणत; आज त्याचा जलाशय येसाजी कंक यांच्या नावाने ओळखला जातो. येळवंडीच्या खोऱ्यातील जमीन पाण्याखाली गेली, आणि तेथे साठलेले पाणी नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापुराकडे व उजव्या कालव्याने फलटण-माळशिरसाकडे वाहू लागले. १९३२ साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली, आणि त्या कालव्यांच्या भिजवणीत साखर कारखाने उभे राहिले. सासवडच्या माळी बागाईतदारांनी माळीनगरास आपला कारखाना काढला. खुद्द भोर येथे १८८८ साली जन्मलेले वकील चंद्रशेखर गोविंद आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही मंडळी स्थापन केली. परंतु तिचाही कारखाना माळशिरस तालुक्यात श्रीपूर येथे उभारावा लागला. जेथे पाणी तेथे ऊस, जेथे ऊस तेथे कारखाना, आणि जेथे कारखान्याची मळी तेथे मद्यार्काची आसवनी, असा हा क्रम आहे. भोरचे पाणी खाली गेले आणि भोरचा कर्ता पुरुषही त्याच्यामागून खाली गेला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

पुढे भोर तालुक्यातच निगडे येथे राजगड सहकारी साखर कारखाना निघाला, हे खरे. तरीही ऊस कारखान्याच्या फाटकाशी वजन झाला म्हणजे त्याच्याशी शेतकऱ्याचा संबंध संपतो, ही गोष्ट सर्वत्र सारखीच आहे. साखर, मळी, मद्यार्क, चिपाडावरची वीज, ह्या पुढील सर्व वस्तू दुसऱ्याच्या दारी निपजतात. म्हणून आमच्या तरुणांचा प्रश्न पोरकट समजून सोडून देता येत नाही.

शेतकी रम म्हणजे काय

आपल्या देशात विकली जाणारी रम बहुतांशी मळीपासून होते. मळी ह्या शब्दाविषयी मात्र घोटाळा होऊ देऊ नये. गुऱ्हाळात रस तापू लागल्यावर जो गाळ वर येतो व जो आपण झाऱ्याने काढून टाकतो, त्यास आपण मळी म्हणतो. कारखान्यात साखरेचे दाणे वेगळे केल्यावर जो काळा, दाट पाक उरतो, त्यासही मळीच म्हणतात. रमेस उपयोगी पडते ती ही दुसरी मळी.

कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक हे बेट फ्रान्सच्या ताब्यात आहे. तेथे रम मळीपासून न करता उसाच्या ताज्या रसापासून करण्याचा प्रघात आहे. फ्रेंच भाषेत तिला जे नाव आहे त्याचा सरळ अर्थ ‘शेतकी रम’ असा होतो. १९९६ साली फ्रेंच सरकारने ह्या रमेस मूळ स्थानाच्या नावाचे संरक्षण दिले. त्यामुळे ऊस कोणत्या गावशिवारातील असावा, रसाची गोडी किती असावी, गाळप कोणत्या महिन्यांत करावे, ह्याचे नियम ठरले आहेत. तेथील गाळपाचा हंगाम आपल्यासारखाच कोरड्या ऋतूत पडतो. आसवनी उसाच्या मळ्यांना लागून असते, आणि सकाळी तोडलेला ऊस शक्य तोवर त्याच दिवशी घाण्यात जातो. त्या रमेची कीर्ती ह्या शेवटच्या गोष्टीवर फार अवलंबून आहे. ती गोष्ट किती महत्त्वाची आहे हे मला पुस्तकातून कळले नाही. स्वतःचे नुकसान करून कळले. तो प्रसंग सांगतो.

एक चूक

काही वर्षांपूर्वी पौषात घरच्या अर्ध्या एकर खोडव्याचा गूळ करण्याचे ठरविले. तोडणीस माणूस मिळेना. एके दिवशी एक टोळी दुसरीकडे जाता जाता एका दिवसापुरती मिळाली. मी मनात म्हटले की, माणसे हाताशी आहेत तोवर सगळा फड उरकून घ्यावा. संध्याकाळपर्यंत फड मोकळा झाला आणि अंदाजे १८ टन ऊस गुऱ्हाळाच्या आवारात येऊन पडला. आपण मोठे शहाणपण केले असे मला त्या रात्री वाटत होते.

आमच्या काहिलीस एका वेळी साधारण एक टन उसाचा रस लागतो, आणि दिवसाकाठी चार, फार तर पाच काहिली उतरतात. म्हणजे १८ टनांस चार दिवस लागणार, हे पहिलीतल्या मुलानेही सांगितले असते. खातेदारांच्या आकारणीत पैचीही चूक न होऊ देणाऱ्या कारकुनास हा भागाकार सुचला नाही! पहिल्या दिवशीचा गूळ पिवळाधमक व कठीण झाला. दुसऱ्या दिवशीचा तांबूस उतरला. तिसऱ्या दिवशी ऊन्हात पडलेल्या मोळ्यांच्या कापांना आंबूस वास येऊ लागला. गुळव्याने चुना वाढवून पाहिला, भेंडीच्या रोपांचे पाणी जास्त घातले, जाळ मोठा केला. परंतु पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी वळावी तर ती बोटांत विरघळे. ढेपेच्या भांड्यात ओतलेला गूळ दुसऱ्या सकाळी चिखलासारखा बसला होता.

आमचा गुळव्या वयस्क गृहस्थ. सारा गाव त्याला तात्या म्हणतो. मी म्हटले, “तात्या, चुलवणाचा जाळ कमी पडला का?” तो काहिलीवरची नजर न काढता म्हणाला, “भाऊसाहेब, तुमचा कागद दोन दिस फडताळात पडला तर बिघडत न्हाई. ऊस बिघडतो.”

शेवटच्या दोन दिवसांचा माल काकवीच्या भावानेही कोणी घेईना. त्यातला बराच गुरांच्या आंबोणात गेला. अर्ध्या एकराची वर्षभराची मेहनत, पाणी व खत ह्यांतले निम्मे मी माझ्या हाताने घालविले. ऊसही तोच, जमीनही तीच, गुळव्याही तोच. फरक पडला तो केवळ कोयता आणि घाणा ह्यांच्यामधील वेळाचा.

रसात काय घडते

उसाच्या कांड्यात जी साखर असते ती दोन लहान साखरा जोडून झालेली असते. ऊस तोडल्याबरोबर त्याच्या पेशींतील पाचक द्रव्ये ही जोडी फोडू लागतात. फुटलेली साखर गोड लागते खरी, पण तिचे दाणे बांधत नाहीत. म्हणून शिळ्या उसाचा गूळ मऊ व ओलसर राहतो, आणि कारखान्यात साखरेचा उतारा घसरतो. त्याबरोबरच कापलेल्या तोंडातून सूक्ष्म जंतू आत शिरतात. त्यांपैकी काही साखरेचा बुळबुळीत डिंक करतात, काही तिचे आम्लात रूपांतर करतात. शिवाय ऊस वाळून वजन घटते ते वेगळेच. म्हणून तोडीपासून गाळपापर्यंत २४ तासांहून अधिक वेळ जाऊ देऊ नये, असे ऊसशास्त्र जाणणारे सांगतात. आमच्या जुन्या हिशेबाने ह्या साठ घटका झाल्या. जळालेल्या उसास तर तेवढीही सवड नसते.

आता रमेच्या दृष्टीने पाहा. रस आंबविणारे किण्व साखरेची जोडी स्वतःच फोडून घेते. म्हणून गुळव्याला नडणारी जी फूट, तिचे रम करणाऱ्यास तेवढे भय नाही. परंतु जंतूंनी खाल्लेली साखर त्याला परत मिळत नाही, आणि त्या आम्लाचा वास व चव आसवनीतून पार जाऊन रमेत उतरते. मळी आटलेली व दाट असल्यामुळे टाकीत काही महिने थांबू शकते. रस मात्र अर्धा दिवसही थांबत नाही. म्हणून मळीवर चालणारी आसवनी उसाच्या फडापासून शंभर कोसांवर असली तरी चालते. रसावर चालणारी आसवनी फडाच्या बांधाशीच असावी लागते. ‘शेतकी रम’ ह्या नावातील ‘शेतकी’ शब्दाचे मर्म हेच आहे.

हिशेब

एक टन उसापासून कारखान्यात अंदाजे १०० ते ११० किलो साखर निघते व शेवटी ४० ते ४५ किलो मळी उरते. त्या मळीपासून सुमारे १० लिटर शुद्ध मद्यार्क होतो. साखर न काढता सबंध रस आंबविला तर मोठ्या यंत्रसामग्रीने टनामागे सुमारे ७० लिटर मद्यार्क मिळतो. गुऱ्हाळाच्या तीन लाटांच्या घाण्यात शंभर किलो उसास साधारण ६० ते ६५ किलो रस निघतो. बाकीचा चिपाडात राहतो. त्यामुळे लहान प्रमाणावर टनास ५० लिटरांच्या आसपास मद्यार्क धरावा. बाजारात रम शेकडा ४२.८ ताकदीची विकली जाते. त्या मानाने ५० लिटरांची सुमारे ११६ लिटर रम होईल. त्याच टनाचा गूळ केला तर सुमारे १०० किलो उतरतो.

हे आकडे पाहून कोणाच्याही तोंडास पाणी सुटेल. परंतु आकडेमोड येथेच थांबविणे म्हणजे मी अर्ध्या एकराच्या वेळी केलेली चूक पुन्हा करणे होय. पुढचा भागाकारही केला पाहिजे.

कायदा आणि सांडपाणी

मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्यापासून दारू गाळण्याचा हक्क सरकारी परवान्याने बांधला गेला. पुढे १९४९ चा दारूबंदी अधिनियम आला, आणि तोच आज महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून चालू आहे. परवान्यावाचून रस आंबवून गाळणे हा गुन्हा आहे. भट्टीची भांडी व आंबविलेले रसायन बाळगणेही तसेच. स्वतःच्या शेतातील ऊस, स्वतःच्या घरापुरता उपयोग, ह्या सबबी तेथे चालत नाहीत. २०१५ साली मुंबईच्या मालवणी भागात मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. अशा प्रसंगांची आठवण असता चोरट्या भट्टीची भलावण कोणीही समंजस मनुष्य करणार नाही.

दुसरी अडचण कायद्याहूनही मोठी आहे आणि ती खास आपल्या तालुक्यांची आहे. आसवनीत एक लिटर मद्यार्कामागे साधारण ८ ते १५ लिटर तांबडेकाळे सांडपाणी निघते. ते ओढ्यात गेले तर पाण्यातील प्राणवायू संपून मासे मरतात व विहिरी नासतात. आज आसवनीस हे पाणी बाहेर न सोडण्याची अट असते. त्याकरिता लागणारी यंत्रसामग्री महाग पडते. भोर व वेल्हे हे नदीच्या उगमाकडील तालुके आहेत. भाटघर, नीरा-देवघर व गुंजवणी ही धरणे येथेच आहेत. येथे सोडलेली घाण खालच्या प्रत्येक गावाच्या घागरीत जाईल. ज्यांचे पाणी खालचे लोक पितात, त्यांच्यावर ही जबाबदारी अधिक आहे.

तेव्हा दोन-तीन एकर उसाच्या धन्याने एकट्याने आसवनी काढण्याचा विचार सोडून द्यावा, हे उत्तम. मात्र ह्यावरून शेतकऱ्याने ह्या धंद्याच्या बाहेरच राहावे असे ठरत नाही. गोव्याकडे पाहावे. तेथे काजूच्या हंगामात बागांचे विभाग लिलावाने दिले जातात व हंगामापुरत्या भट्ट्या परवान्यावर चालतात. २००९ साली काजूच्या फेणीस भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे हंगामी, गावकीच्या आसवनीस कायद्याची चौकट देता येते, हे आपल्या शेजारीच दिसते. हरियाणात इंद्री येथील परवानाधारक आसवनीने उसाच्या रसाची मुरविलेली रम २०२२ साली बाजारात आणली. बंगळूरच्या अमृत आसवनीने २०१३ साली काढलेल्या एका रमेत गुळापासून केलेल्या मद्यार्काचा अंश आहे. ह्या शेवटच्या उदाहरणाकडे आमच्या ऊसकऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. रस थांबत नाही, पण गूळ थांबतो. चांगला, स्वच्छ गूळ म्हणजे थांबवून धरलेला ताजा रसच होय. तो हंगामानंतरही परवानाधारक आसवनीस विकता येतो, औषधे करणारास विकता येतो, आणि यांपैकी कोणी न घेतला तरी घरोघरी खपतो. आसवनीची जोखीम अंगावर न घेता रसाच्या ताजेपणाची किंमत पदरात पाडून घेण्याचा हाच मार्ग आज आपल्यास मोकळा आहे.

काय करावे

तो मार्ग धरावयाचा तर तोडीचा वेळ आपल्या मुठीत आला पाहिजे. त्याकरिता अनुभवांती सुचणाऱ्या गोष्टी येथे नमूद करतो.

पहिली गोष्ट, ऊस पिकल्यावाचून तोडू नये. हातात मावणारा गोडीमापक आता सहज मिळतो. शेंड्याकडील व बुडख्याकडील कांड्यांच्या रसाची गोडी जवळजवळ सारखी दाखवू लागली म्हणजे ऊस पक्व झाला असे समजावे. तोडीपूर्वी दोन-तीन आठवडे पाणी बंद करावे. आमच्याकडील पौष-माघाच्या थंड रात्री गोडी वाढविण्यास फार अनुकूल असतात. तो काळ दवडू नये.

दुसरी, सगळी लागण एकाच आठवड्यात करू नये आणि एकाच जातीची करू नये. लवकर पिकणारी कोसी ६७१ ही जात गुळासाठी नावाजलेली आहे. को ८६०३२ ह्या जातीस तर महाराष्ट्रात आपल्याच नदीचे, ‘नीरा’ हे नाव मिळाले आहे. पुढेमागे पिकणारे तुकडे असले म्हणजे फड एकदम तोडण्याचा मोह होत नाही.

तिसरी, तोड जमिनीलगत घ्यावी. बुडख्याच्या कांड्यांतच गोडी अधिक. चार बोटे वर कोयता चालविला तर उत्तम रस जमिनीत राहतो. वाढे, पाचट व माती घाण्यात जाऊ देऊ नये. त्यांनी रस काळवंडतो व जंतू वाढतात. वाढे जनावरांस व पाचट शेतातच आच्छादनास ठेवावे.

चौथी व मुख्य, आधी काहिली मोजाव्यात आणि मग कोयता उचलावा. उद्या जितक्या काहिली उतरणार तितकाच ऊस आज दुपारनंतर तोडावा, मोळ्या सावलीत ठेवाव्यात व पहाटे घाणा चालू करावा. ह्याकरिता मोठ्या टोळीची वाट पाहण्यापेक्षा शेजारच्या पाच-सहा खातेदारांनी पूर्वीच्या इर्जिकीप्रमाणे एकमेकांच्या फडात हात घालावा. आज माझा एक गुंठा, उद्या तुमचा. गुऱ्हाळही सामाईक असावे. त्यात कोणाचा ऊस कोणत्या दिवशी तुटला व कोणत्या वेळी घाण्यात गेला, हे एका वहीत लिहून ठेवावे. महिन्याअखेर ती वही आणि गुळाचा भाव समोरासमोर धरले म्हणजे कोणाला काही समजावून सांगण्याची गरज उरणार नाही. पुढे कधी सरकारने लहान सहकारी आसवनीस वाट करून दिली, तर हीच मंडळी व हीच वही उपयोगास येईल. वाट न दिली तरी चांगला गूळ घरात असेलच.

त्या फजितीनंतरच्या हंगामापासून आम्ही ह्याच रीतीने चालतो. गुऱ्हाळाच्या छपराखाली वासाला दोरीने बांधलेली एक वही आहे. तिच्यात तोडीची वेळ, घाण्याची वेळ व काहिलींची संख्या असे तीन रकाने मीच आखून दिले आहेत. गेल्या पौषात तात्याने पाकाची गोळी दगडावर टाकली तेव्हा ती टणकन वाजली. त्याने वहीकडे मान वळविली आणि म्हणाला, “भाऊसाहेब, आता लिवा.” मी लिहिले: तोड काल दुपारी चार, घाणा आज पहाटे पाच, काहिल तिसरी.